मारणाऱ्यालाही लागतं

बाबा प्लास्टर चढवायचे. सेवाग्रामच्या दवाखान्यात हाडांच्या विभागाला लागून एक लांबट खोली होती. तिला सगळे प्लास्टर रूम म्हणत. बाबांची अठ्ठावीस वर्षं त्या खोलीत गेली. संध्याकाळी वर्ध्याला घरी यायचे तेव्हा नखांच्या कडांशी पांढरी पूड अडकलेली असायची. मोडलेला हात हातात घेतला की माणूस कसा पडला असेल हे त्यांना आधी कळायचं, एक्स-रे नंतर. मनगट मोडलं की तळहात टेकून पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं की खांद्यावर आदळला. करंगळीच्या मुळाशी सूज असली की ते तरण्या पोराकडे बघून हळू आवाजात विचारायचे, "कोणाले मारलं बापा?" पोरगा आधी भिंतीवर आपटला वगैरे सांगायचा, मग खाली मान घालायचा. बंद मुठीनं जोरात ठोसा मारला की करंगळीखालचं नाजूक हाड मोडतं. डॉक्टरांच्या भाषेत त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. ज्याला ठोसा बसला तो कधीकधी घरी गेलेला असतो आणि ज्यानं मारला तो बाबांच्या बाकावर बसलेला असतो.

हे सगळं आधी सांगितलं, कारण जॅकी चॅन मला बाबांमुळे कळला.

1991 ची दिवाळी असावी. आमच्या गल्लीत वर्गणी काढून कलर टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्यानं आणायची पद्धत होती. टीव्ही ऑटोतून यायचा, खाली गोधडी आणि दोन्ही बाजूंनी दोन पोट्टे. अंगणात सतरंज्या पडायच्या. काकू चिवड्याचा डबा आणि गोरसपाकाचा पुडा घेऊन पुढची जागा धरायच्या. व्हीसीआरचं हेड खराब झालं की चित्रावर पाऊस पडायला लागायचा. मग बाबा घरातून कापूस आणि स्पिरिट आणून ते साफ करायचे, जखम पुसतात तसं, आतून बाहेर. दोन हिंदी पिक्चर ठरलेले असायचे. तिसरी कॅसेट दुकानदार आपल्या मनानं द्यायचा. "पोट्ट्यायसाठी घेऊन जा, ब्रूस ली हाय." हातपाय चालवणारा कुठलाही चिनी नट तेव्हा आमच्याकडे ब्रूस लीच होता, आणि ब्रूस ली स्वतः 1973 सालीच गेला हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं.

तिसरी कॅसेट लागेपर्यंत रात्रीचे दोन वाजून गेलेले. निम्मं अंगण झोपलेलं. पिक्चर चिनी भाषेत, खाली इंग्रजी अक्षरं भराभर पळत होती आणि ती वाचणारं कुणी नव्हतं. पुढं कॉलेजात गेल्यावर कळलं की तो 1983 चा 'प्रोजेक्ट ए' होता. त्यात आरमारातले शिपाई आणि पोलीस एका मोठ्या हॉटेलात भिडतात. जॅकी चॅन आणि युएन बियाओ समोरासमोर येतात, खुर्च्या उचलून एकमेकांच्या अंगावर फोडतात. दोघंही छाती काढून उभे, जणू काहीच झालं नाही. मग दोघं आपापल्या खांबामागं जातात आणि तिथं, कुणी बघत नाही अशा जागी, कळवळतात. पाठ चोळतात, तोंड वेडंवाकडं करतात. पुन्हा बाहेर येतात ते छाती काढूनच.

बाबा अर्धवट झोपेत होते. ते उठून बसले आणि एवढ्या जोरात हसले की शेजारची आजी जागी झाली. "काय झालं वो?" तिनं विचारलं. बाबा म्हणाले, "काही नाई माय. हा खरा माणूस हाय. मारणाऱ्याले लागते हे याले माहीत हाय."

त्या रात्री आधीच्या दोन पिक्चरमध्ये नायकानं मिळून पन्नासएक माणसं लोळवली होती. एकदाही त्याचा हात दुखला नव्हता.

या सिनेमांचा लळा का लागतो याचा मी पुढं बराच विचार केला. लवचिकपणा, वेग, उंचावरून मारलेल्या उड्या हे सगळं आहेच. पण सर्कशीतही ते असतं आणि सर्कस आपण वर्षातून एकदा बघतो. हे सिनेमे मी शंभरदा बघितले असतील, ते त्या झटकलेल्या हातासाठी. ठोसा मारल्यावर जॅकी चॅन पंजा हवेत झटकतो, बोटांवर फुंकर घालतो, डोळे मिटतो आणि मग दुसरा ठोसा मारतो. त्या दोन ठोशांच्या मधल्या जागेत माणूस राहतो. तो घाबरलेला असतो, शक्य असतं तोवर पळत असतो, माफी मागून सुटता आलं तर मागायला तयार असतो. कोपऱ्यात सापडला की हाती लागेल ते उचलतो. स्टूल, बाक, शिडी, सायकल. आमच्या शेजारी एक सुतारकाका राहायचे. 'फर्स्ट स्ट्राइक' या 1996 च्या सिनेमात घडीच्या शिडीनं केलेली मारामारी त्यांनी आमच्या टीव्हीवर पाहिली आणि दुसऱ्या दिवशी आपली शिडी उघडून-मिटून बघत अंगणात उभे होते. वीस वर्षं ते त्या शिडीवर चढत होते. तिच्यात एवढं काही आहे हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं.

हा कळवळणारा नायक जॅकी चॅनला सहजासहजी सापडला नाही. त्याचा जन्म 1954 चा, हाँगकाँगचा. सात वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला यू जिम-युएन या गुरूच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत दहा वर्षांच्या करारावर घातलं. गाणं, रंगभूषा, कोलांट्या, तलवार, काठी, पहाटेपासून रात्रीपर्यंत. चुकलं की छडी, एकाचं चुकलं तर सगळ्यांना छडी. सामो हुंग आणि युएन बियाओ हे त्याच्याच शाळेतले. ही पोरं शिकून तयार झाली तोवर ऑपेराचे प्रेक्षक सिनेमाकडं गेले होते. दहा वर्षं घासून मिळवलेली कला हातात, आणि ती मागणारं कुणी नाही. मग ती स्टुडिओच्या दारात उभी राहिली आणि पडण्याचं काम करू लागली. नायकाचा मार खायचा, जिन्यावरून गडगडायचं, मेलेलं पडून राहायचं. ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'मध्ये त्याच्या हातून मार खाणाऱ्या गर्दीत जॅकी चॅनही आहे.

ब्रूस ली गेल्यावर निर्मात्यांना दुसरा ब्रूस ली हवा होता. 1976 साली 'न्यू फिस्ट ऑफ फ्युरी'मध्ये त्यांनी जॅकीला त्या साच्यात बसवलं, डोळ्यांत आग, ओठ घट्ट. लोकांनी तो स्वीकारला नाही. 1978 साली दिग्दर्शक युएन वू-पिंगनं त्याला मोकळं सोडलं आणि एकाच वर्षात 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर' आले. ब्रूस ली जे करायचा त्याच्या उलट करायचं, असं जॅकीनं ठरवलं होतं. ब्रूस लीची लाथ उंच जाते, याची खाली राहते. तो मारल्यावर गर्जना करतो, हा 'आई गं' म्हणतो. ब्रूस लीला मी कमी लेखत नाही. त्याच्या अंगातली ती वीज पुन्हा कुणात दिसली नाही. पण ब्रूस लीकडं बघताना मी मान वर करून बघतो. जॅकी चॅन आमच्या सतरंजीवर येऊन बसतो.

भाषा न कळता त्या रात्री जागं असलेलं सगळं अंगण एकाच क्षणी हसत होतं, त्याचं कारणही मला उशिरा कळलं. शब्दांवाचून हसवण्याची ही विद्या मूकपटांची. 'प्रोजेक्ट ए'मध्ये जॅकी घड्याळाच्या मनोऱ्यावर काट्याला लटकतो, तिथून सुटतो आणि दोन कापडी छतं फाडत जमिनीवर येतो. 1923 साली हॅरल्ड लॉइड असाच घड्याळाला लटकला होता. 'प्रोजेक्ट ए'च्या दुसऱ्या भागात अख्खी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो नेमका मोकळ्या चौकटीत उभा असल्यानं वाचतो. तो बस्टर कीटनला केलेला नमस्कार आहे. घड्याळाच्या त्या मनोऱ्यावरून उडी मारायची जॅकीला भीती वाटायची, दिवसेंदिवस तो लटकून पुन्हा वर यायचा, हे त्यानं स्वतः सांगितलं आहे. कॅमेरा लांब ठेवलेला असतो, डोक्यापासून पायापर्यंत सगळा माणूस दिसतो, मध्ये काटछाट नाही. तबलजी समेवर येतो तसा मार समेवर येतो. त्या ठिकाणी हसू फुटतं, कारण मन आधीच ती मात्रा मोजत असतं. सामो हुंगसारखा भरल्या अंगाचा माणूस कोलांटी घेऊन मांजरासारखा उतरतो तेव्हा तर मला आजही टाळी वाजवावीशी वाटते.

भरल्या अंगाचा हलका माणूस म्हटला की मला भगवानदादा आठवतात. 'अलबेला'चे भगवानदादा सगळ्यांना ठाऊक असतात, पाय जेमतेम उचलत, खांदे हलवत केलेला तो नाच. पण 1951 च्या 'अलबेला'आधी दहा-बारा वर्षं ते मारधाडीचे स्वस्त पट काढत होते. कुस्तीचा नाद होता, उड्या स्वतः मारायचे. भगवान आभाजी पालव हे त्यांचं पूर्ण नाव, आणि 1913 सालचा त्यांचा जन्म आमच्या शेजारच्या अमरावतीचा. वडील गिरणी कामगार, मुलगा मुंबईच्या गिरणगावात वाढला. ज्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं आणि 1936 साली जिथली पोरं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये आपले खेळ दाखवून आली, त्या मातीतला हा माणूस. कमी पैशात, कामगार वस्तीतल्या प्रेक्षकांसाठी, हसवत मारामारी. हाँगकाँगची ही पोरं जन्मायच्या आधी हे आपल्याकडे चाललं होतं. त्या पटांतले फार थोडे आज बघायला मिळतात. ते असते तर आपण सिनेमाच्या इतिहासात वेगळ्या ओळी लिहिल्या असत्या, असं मला मनापासून वाटतं.

भगवानदादा 4 फेब्रुवारी 2002 ला गेले. पेपरमधलं मी बाबांना वाचून दाखवत होतो. त्यात ललिता पवारांचा उल्लेख आला. चाळीसच्या दशकात एका चित्रीकरणात भगवानदादांनी त्यांना थप्पड मारायची होती. ती खरोखर जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला, उपचारांत वर्षं गेली. नायिकेच्या भूमिका करणारी बाई पुढं पडद्यावरची खाष्ट सासू झाली, 'रामायणा'तली मंथरा झाली. येवल्याच्या त्या बाईनं त्या मिटत्या डोळ्यातून केवढा अभिनय काढला, हा तिचा मोठेपणा. बाबांनी पेपर खाली ठेवायला लावला. थोडा वेळ आपल्या उजव्या पंजाकडं बघत बसले. "बोटं सैल सोडली नसतीन," ते म्हणाले, "एवढंच झालं असन. एवढ्यानं." मात्रा चुकली की काय होतं ते प्लास्टर रूममध्ये त्यांनी रोज पाहिलं होतं.

आता 'ड्रंकन मास्टर'बद्दल. तो घरात लागला तेव्हा मी नववीत होतो, केबलवर, हिंदीत. पडद्यावर म्हातारा गुरू पोराला छळत होता. पाण्याच्या पिंपावर उलटं टांगून खालून वर पाणी भरायला लावायचा, तेही इवल्या पेल्यांनी. हे बाबांना आवडलं. मग दारूचे घडे आले. पिऊन झोकांड्या खात लढायची ती कला, नशेतले आठ देव आणि त्यांच्या आठ चाली. आम्ही भावंडं हसत होतो. बाबा उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. पिक्चर संपेपर्यंत आत आले नाहीत.

वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे. बंदी आहे आणि दारूही आहे, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. गावोगावच्या बायका हातभट्ट्या फोडायला काठ्या घेऊन निघालेल्या आहेत. बाबांच्या बाकावर त्याच बायका यायच्या. मनगट, बरगडी, पुढच्या हाताचं हाड, जे डोक्यावर येणारा घाव अडवताना मोडतं. 'विहिरीवर घसरली' असं सांगायच्या. बाबांना कसं पडल्यावर काय मोडतं हे कळत होतं, म्हणून ते विचारायचे नाहीत. त्या रात्री मी ओट्यावर गेलो आणि म्हणालो, "बाबा, गमतीचा पिक्चर आहे." ते म्हणाले, "त्याचा हात दुखत नाई न रे. पिलेल्या माणसाचा हात दुखत नाई. सकाळी त्याले आठवतही नाई."

मी निरुत्तर झालो. अजूनही त्या सिनेमाची बाजू मी पूर्ण घेऊ शकत नाही, आणि तो मला फार आवडतो. पुढं एक गोष्ट लक्षात आली. त्या आठ चालींतली शेवटची एका स्त्रीदेवतेची असते. नायक ती शिकायचं टाळतो, बायकी वाटते म्हणून. शेवटच्या लढाईत सातही चाली संपतात, समोरचा हटत नाही, आणि तीच आठवी त्याला लागते. न शिकल्यामुळं ती त्याला तिथंच उभ्या उभ्या रचावी लागते. 1994 च्या 'ड्रंकन मास्टर'च्या दुसऱ्या भागात बाप मुलाला दारू पिऊन लढायला सक्त मनाई करतो. तो भाग मी बाबांना दाखवला. बाप रागानं थरथरतो तिथं त्यांनी मान हलवली, काही बोलले नाहीत.

आमच्या शाळेतले एक गुरुजी सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेला नेमानं जाणारे. त्यांनी एकदा बाबांना रस्त्यात गाठून काळजीनं विचारलं होतं की सेवाग्रामात काम करता आणि पोरांना मारामारीचे सिनेमे दाखवता? बाबांना गुरुजींबद्दल आदर होता. ते म्हणाले, "गुरुजी, पोट्टे मारामारी कुठून तरी पाह्यनारच. मंग ज्याचा हात दुखते त्याची पाह्यलेली बरी." गुरुजींनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "एकदा दाखवा मला." ते खरंच आले. 'पोलीस स्टोरी' बघितला, सुरुवातीला झोपडपट्टी उतारावरून मोटारींखाली उद्ध्वस्त होते तिथं अस्वस्थ झाले, बसच्या दांड्याला छत्री अडकवून तो लटकतो तिथं लहान मुलासारखे हसले. माझ्या ताईला तर 1992 चा 'पोलीस स्टोरी'चा तिसरा भाग पाठ होता. त्यात मिशेल येओ मोटारसायकल उडवून चालत्या रेल्वेच्या टपावर उतरते. तो पाहिला त्याच उन्हाळ्यात ताई लुना शिकली.

या सिनेमांच्या शेवटी एक गोष्ट असते, जी मी दुसरीकडं कुठं एवढ्या मोकळेपणानं दाखवलेली पाहिली नाही. गोष्ट संपते, नावं वर सरकू लागतात आणि बाजूला चुका दिसतात. उडी चुकली, डोकं आपटलं, पाय सरकला, रक्त आलं, माणसं धावली. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. 1985 च्या 'पोलीस स्टोरी'त तो दुकानांच्या बहुमजली इमारतीत दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून घसरत खाली येतो. ठिणग्या उडतात, काचा फुटतात. तळहात भाजले, पाठीला मार बसला. पडद्यावर ती घसरण तीनदा दाखवली आहे, वेगवेगळ्या बाजूंनी, जणू कुणाला खोटं वाटू नये. बाबांना मूळ पिक्चरपेक्षा हा भाग आवडायचा. कॅसेटवाला घाईनं बंद करायला आला की ते त्याला हातानं थांबवायचे.

बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, नखं स्वच्छ आहेत. बोटांच्या सांध्यांत दुखतं, सकाळी मूठ वळत नाही. मागच्या हिवाळ्यात मी सुट्टीला वर्ध्याला गेलो तेव्हा माझ्या मुलीनं फोनवर त्यांच्यासाठी शोधून 'आर्मर ऑफ गॉड' लावला. मला पोटात कालवलं, कारण त्याच्या शेवटी काय आहे ते मला माहीत होतं. 1986 साली, तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, एका भिंतीवरून झाडाच्या फांदीवर घ्यायची साधी उडी. त्याच्या इतर उड्यांच्या मानानं काहीच नाही. फांदी मोडली, तो खाली दगडावर आदळला, कवटीला तडा गेला. मरता मरता वाचला. ते चित्रण सिनेमाच्या शेवटी तसंच आहे. तो पडतो, लोक ओरडत धावतात, गर्दी होते, त्याला उचलतात.

मुलगी फोन त्यांच्यासमोर धरून बसली होती. बाबांनी चष्मा कपाळावर नेला आणि वाकून बघितलं. फांदी मोडली. माणसं धावली, चार-पाच हात त्याच्या अंगाखाली गेले.

"मान," बाबा म्हणाले. मग मोठ्यानं, "मान धरा त्याची! मान हालू देऊ नका!"

त्यांचे दोन्ही हात हवेत उचललेले होते, पंजे उघडे, मध्ये एका डोक्याइतकी जागा सोडून.